पॅरिसपर्यंतचे काम: मायकेल फॅरेडेच्या स्वाभिमानाचे एक प्रकरण

प्रसंग

१८१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सर हंफ्री डेव्ही, म्हणजे त्या काळातील इंग्लंडचे सर्वांत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ, युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर निघण्याच्या तयारीत होते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असतानाही नेपोलियनच्या सरकारने त्यांना प्रवासाचा परवाना दिला होता. सोबत पत्नी लेडी जेन डेव्ही, तिची दासी, डेव्हींचा खासगी सेवक आणि प्रयोगांत मदत करण्यासाठी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतला बावीस वर्षांचा सहायक मायकेल फॅरेडे, अशी मंडळी ठरली होती. निघण्याची वेळ तोंडावर आली असताना खासगी सेवकाने येण्यास नकार दिला. दुसरा माणूस शोधायला सवड नव्हती, म्हणून डेव्हींनी फॅरेडेला विचारले की, ज्यांवाचून अगदीच अडेल तेवढी कामे तू पॅरिसपर्यंत सांभाळशील का. पॅरिसला पोचल्यावर दुसरा सेवक ठेवू. फॅरेडेने नाखुशीने होकार दिला.

पॅरिसमध्ये मनाजोगता सेवक मिळाला नाही. पुढे ल्योंमध्ये मिळाला नाही, माँपेल्येमध्ये मिळाला नाही, जिनोआ, फ्लॉरेन्स आणि रोममध्येही मिळाला नाही. डेव्हींच्या मनात सेवक ठेवायचाच नसावा, असा निष्कर्ष फॅरेडेने पुढे आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात काढला आहे. पॅरिसपर्यंतचे म्हणून पत्करलेले काम एप्रिल १८१५मध्ये ही मंडळी लंडनला परतेपर्यंत, म्हणजे दीड वर्ष, चालू राहिले. ‘तात्पुरते’ हा शब्द ज्याने ज्याने नोकरीत ऐकला आहे, त्याला ही घटना दोनशे वर्षांपूर्वीची वाटणार नाही.

या दीड वर्षात फॅरेडेने स्वाभिमान सांभाळला की गमावला, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. आपल्याकडे स्वाभिमानाची जी प्रतिमा रुजलेली आहे ती ‘मोडेन पण वाकणार नाही’ या जातीची, म्हणजे एका क्षणात सिद्ध होणारी आहे: राजीनामा तोंडावर फेकला, पाठ फिरवली, विषय संपला. फॅरेडेने यातले काहीच केले नाही. तरीही त्याने स्वाभिमान गमावला असे मला वाटत नाही. मात्र त्याचा हिशोब त्या प्रवासात पुरा झाला नाही. त्याला आणखी सोळा वर्षे लागली.

पार्श्वभूमी

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला. वडील लोहार होते आणि त्यांची प्रकृती नेहमी नरमगरम असे. शिक्षण अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी यांच्या फारसे पुढे गेले नाही. १८०५मध्ये, चौदाव्या वर्षी, जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे तो पुस्तकबांधणीच्या उमेदवारीला लागला आणि सात वर्षे तेथे राहिला. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचायला मालकाची आडकाठी नव्हती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूपी पुस्तक या दोहोंनी त्याला विज्ञानाची वाट दाखवली. वाचलेले खरे आहे का, हे तो परवडतील तेवढे साधे प्रयोग करून पडताळून पाहत असे. संध्याकाळच्या विज्ञान-व्याख्यानांना एक शिलिंग शुल्क पडे. ते लोहारकाम करणारा थोरला भाऊ देत असे.

या सात वर्षांकडे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण फॅरेडेच्या चरित्रांत ती बहुधा ‘गरिबीतून वर आलेला मुलगा’ या ठरीव चौकटीत बसवून संपवली जातात. बांधणीचे काम कष्टाचे असते, पण ते बुद्धी बंद ठेवून करता येत नाही. सुटे फर्मे (घडी घातलेले छापील ताव) क्रमाने लावावे लागतात, त्यांची जुजबंदी, म्हणजे शिवण, करताना दोरा सैल पडला तर पुस्तक खुळखुळते आणि फार ओढला तर कागद फाटतो, खळ वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागतो. काय कशाच्या आधी करायचे आणि कुठे घाई चालत नाही, हे हातांना शिकवणारी ही शाळा होती. शिवाय विस्कळीत पानांचा गठ्ठा आणि ग्रंथ यांतला फरक फक्त क्रमाचा आणि शिवणीचा असतो, हे त्याने रोज आपल्या हातांनी अनुभवले. पुढे वैज्ञानिक म्हणून त्याची जी कामाची पद्धत तयार झाली तिचे मूळ मला तेथे दिसते.

१८१२मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हींच्या चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. फॅरेडेने प्रत्येक व्याख्यानाची टिपणे घेतली, घरी ती विस्ताराने लिहून काढली, आकृत्या जोडल्या आणि सुमारे तीनशे पानांचा तो मजकूर स्वतः बांधला. याच सुमारास त्याने रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील अग्रगण्य वैज्ञानिक मंडळाचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना नोकरीसाठी पत्र लिहिले होते. चौकशीला गेल्यावर दारावरच्या माणसाकडून त्याला कळले की, त्या पत्राला उत्तर देण्याची गरज नाही. मग वर्षअखेरीस त्याने डेव्हींना पत्र पाठवले आणि सोबत ते बांधलेले पुस्तक. पहिल्या पत्रात विनंती होती. दुसऱ्यात विनंतीबरोबर केलेले काम होते. डेव्हींनी त्याला बोलावले, पण विज्ञानात पैसा नाही, बांधणीचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला दिला. काही आठवड्यांनी संस्थेतील एका सहायकाला मारामारीमुळे काढून टाकले गेले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार, राहायला दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या एवढ्यावर रुजू झाला. आपण याच दिशेने आयुष्य घालवायचे, हे ठरून सात महिने झाले होते, आणि तेवढ्यात तो सेवकाचा प्रश्न उभा राहिला.

प्रवासातील दोन खाती

प्रवासात फॅरेडेला जे मिळाले त्याला तोड नव्हती. लंडनच्या आसपासचा परिसर सोडून तो तोपर्यंत कुठेही गेला नव्हता. पॅरिसमध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी डेव्हींना एक गूढ पदार्थ दिला, जो तापवला की जांभळी वाफ होई. डेव्हींनी प्रवासातल्या छोट्या उपकरणपेटीवर प्रयोग करून ते नवे मूलद्रव्य असल्याचे मांडले. तेच आयोडीन. फ्लॉरेन्समध्ये तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी हिरा जाळला आणि हिरा म्हणजे कार्बनच हे दाखवले. जिनोआत विजेचा झटका देणाऱ्या माशावर प्रयोग झाले, नेपल्सजवळ व्हेसुव्हियसची चढाई झाली, मिलानमध्ये विजेची बॅटरी शोधणाऱ्या म्हाताऱ्या व्होल्टांची भेट झाली. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या तरुणाला युरोपातील सर्वांत जिवंत प्रयोगशाळा, तीही चाकांवरची, सोबतीला मिळाली होती. तो रोजनिशी लिहीत होता आणि फ्रेंच व इटालियन शिकत होता.

दुसऱ्या खात्यावरची नोंद त्याच्या पत्रांत आहे. बेंजामिन ॲबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने ही सगळी परिस्थिती आश्चर्य वाटावे इतक्या तटस्थपणे उलगडली आहे. डेव्हींना लहानपणापासून स्वतःचे काम स्वतः करण्याची सवय होती, त्यामुळे अंगमेहनतीचे असे काम त्याला फारसे पडत नव्हते. जेथे मुक्काम होई तेथे नोकर असतच. त्याच्याकडे मुख्यतः खर्चाचा हिशोब आणि व्यवस्था होती. खरी अडचण लेडी डेव्ही ही होती. आपला अधिकार दाखवायला तिला आवडे आणि सुरुवातीला तिने त्याला खाली पाहायला लावण्याचा चंगच बांधला होता, असे तो लिहितो. डेव्हींबरोबर एकट्याने प्रवास असता, तर तक्रारीला फारशी जागा उरली नसती, असेही त्याने म्हटले आहे. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी: लेडी डेव्हीची बाजू आपल्याला फॅरेडेच्याच लेखणीतून कळते. पण वर्णनातला संयम पाहता त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

आता तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे नीट वाचले पाहिजे. काम हलके आहे, असे फॅरेडे म्हणत नाही. लोहाराच्या घरात वाढलेल्या आणि सात वर्षे खळीत हात बुडवलेल्या माणसाला हलक्या कामाची लाज वाटण्याचे कारण नव्हते. संस्थेतही बाटल्या धुणे आणि उपकरणे पुसणे हे त्याचेच काम होते. त्याला सलत होते ते वेगळे. कामावरून माणसाची जात ठरवली जात होती. हिशोब लिहिणारा तो नोकर, नोकर तो खालच्या पंगतीचा, आणि खालच्या पंगतीचा माणूस प्रयोगाबद्दल काय बोलणार, अशी ती साखळी होती. काम पत्करणे त्याच्या हातात होते. त्या कामावरून ठरणारी पायरी पत्करणे त्याने नाकारले. स्वाभिमानाची ही रेघ फार बारीक आहे आणि ती ओढायला भाषण लागत नाही, पण रोज लक्ष द्यावे लागते.

ती त्याने कशी ओढली, हे त्याच पत्रांत आहे. लेडी डेव्हीशी त्याचे खटके उडत राहिले. प्रत्येक खटक्यागणिक आपण थोडे पुढे सरकलो आणि ती थोडी मागे गेली, कारण वारंवार घडल्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटेनासे झाले आणि तिचा अधिकार बोथट होत गेला, असा त्याचा अहवाल आहे. यात शहीद होण्याची हौस नाही आणि हांजी हांजीही नाही. प्रत्येक वेळी तो बोलला आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कामावर होता. मधल्या काळात आपण अनेकदा घरी परतण्याच्या बेतात होतो, असे त्याने सप्टेंबर १८१४च्या सुमारास लिहिले आहे; शिकण्याच्या इच्छेने तेवढे थांबवून ठेवले आहे, आणि आपले अज्ञान कळण्यापुरतेच ज्ञान आपल्याला झाले आहे, हीही त्याच काळातली कबुली. म्हणजे तो सहन करत बसला नव्हता. दोन्ही खाती समोर मांडून तो पुन्हा पुन्हा बेरीज करत होता, आणि उत्तर प्रत्येक वेळी जेमतेम ‘थांबावे’ असे येत होते.

जिनिव्हाच्या मुक्कामाची एक आठवण सांगितली जाते. यजमान द ला रीव्ह यांना शिकारीच्या वेळी बंदुका भरून देणाऱ्या या तरुणाशी बोलताना त्याच्या बुद्धीची चमक दिसली आणि त्यांनी त्याला आपल्या पंगतीला बसवायचे ठरवले. डेव्हींनी हरकत घेतली, कारण तो काही बाबतींत सेवकाचे काम करतो. तेव्हा यजमानांनी त्याचे जेवण वेगळ्या खोलीत पाठवण्याची व्यवस्था केली. आठवण तपशिलात कितपत बिनचूक आहे याचा आग्रह धरू नये. पण डेव्ही हे स्वतः लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचे पुत्र होते, औषधविक्रेत्याच्या दुकानात उमेदवारी करून वर आले होते आणि ‘सर’ होऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झाले होते तेव्हा हा प्रवास सुरू झाला, हे लक्षात घेतले की त्यांची अडचण समजते. नुकताच जिना चढून आलेल्याला जिन्यावरचा दुसरा माणूस सर्वांत जवळचा दिसतो.

जाता जाता एक कबुली. मी आतापर्यंत डेव्हींना आदरार्थी बहुवचन वापरत आलो आणि फॅरेडेला एकेरी. कोणी सांगितले नव्हते; लेखणी आपोआप तशी वळली. लेडी डेव्हीलाही मी एकेरीच केले, हे त्याहून उशिरा ध्यानात आले. इथून पुढे सर्वांना एकाच पंगतीला बसवतो.

बेरीज चुकू शकते

हद्दपारीत ठेवलेला नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि दौरा आटोपता घ्यावा लागला. परतल्यावर फॅरेडे यांना संस्थेने पुन्हा, आता आठवड्याला तीस शिलिंगांवर, कामावर घेतले. प्रवासात जो अनुभव आणि ओळखी मिळाल्या त्यांशिवाय पुढचे फॅरेडे घडले नसते, असे बहुतेक जण म्हणतात आणि ते खरे आहे.

पण येथेच या प्रकरणाचा सर्वांत मोठा गैरवापर होऊ शकतो. हे प्रकरण कनिष्ठांना प्रशिक्षण देणाऱ्या एखाद्या वरिष्ठाच्या हाती लागले, तर ‘बघा, फॅरेडेनेसुद्धा सहन केले’ हे वाक्य त्यातून निघायला वेळ लागणार नाही. फॅरेडे यांचे थांबणे योग्य ठरले ते काही अटी जुळून आल्या म्हणून: शिकणे खरे होते आणि रोजचे होते, प्रवासाला शेवट होता, ज्यांच्याकडून शिकायचे ते डेव्ही त्यांना तुच्छ लेखत नव्हते, निदान प्रयोगाच्या टेबलाशी तरी नाही, आणि घरी आई, बहिणी व ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता, ज्यात ते स्वतःला सेवक म्हणून नव्हे, पाहणारा आणि विचार करणारा माणूस म्हणून रोज नव्याने लिहून काढत होते. यांतली एक अट जरी नसती, तरी ‘घरी परत जावे’ हेच उत्तर बरोबर ठरले असते आणि तेही तितकेच स्वाभिमानाचे झाले असते. शिवाय असे किती तरुण कुणाकुणाचे हिशोब लिहीत राहिले आणि पुढे काहीच झाले नाहीत, त्यांची पत्रे कुणी जपून ठेवलेली नाहीत.

दुसरी कसोटी घरच्याच माणसाकडून, म्हणजे डेव्हींकडून, आली. सप्टेंबर १८२१मध्ये फॅरेडे यांनी वीजप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवून दाखवली. विजेपासून फिरती गती मिळवण्याचा हा पहिला प्रयोग. तो घाईने प्रसिद्ध करताना विल्यम वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या आधीच्या विचारांचा उल्लेख राहून गेला आणि चोरीची कुजबुज सुरू झाली. फॅरेडे यांनी वोलस्टन यांना सरळ पत्र लिहून भेट मागितली. वोलस्टन यांनी प्रकरण वाढवले नाही. पण १८२३मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरेडे यांचे नाव सुचवले गेले तेव्हा विरोध केला तो सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष असलेल्या डेव्हींनी. नाव मागे घे, असे त्यांनी सांगितले. ते मी लावलेले नाही, तेव्हा मी काढू शकत नाही, असे उत्तर मिळाले. मग सुचवणाऱ्यांना काढायला सांग. ते ऐकणार नाहीत. मग अध्यक्ष म्हणून मीच काढतो. सोसायटीच्या हिताचे जे वाटेल तेच आपण कराल याची मला खात्री आहे, असे म्हणून फॅरेडे थांबले. आवाज न चढवता आणि एकही इंच न सरकता दिलेली ही उत्तरे प्रवासातल्या खटक्यांत घोटलेली आहेत, असे मला वाचताना दर वेळी वाटते. ८ जानेवारी १८२४ रोजी त्यांची निवड झाली. विरोधात एकच मत पडले.

काच

पुढची सहा-सात वर्षे मात्र या प्रकरणातली सर्वांत कमी सांगितली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत बोलकी आहेत. १८२४मध्ये, डेव्ही अध्यक्ष असतानाच, दुर्बिणींसाठी निर्दोष काच तयार करण्याकरिता एक समिती नेमली गेली आणि प्रत्यक्ष राबण्याचे काम फॅरेडे यांच्याकडे आले. भट्टी संस्थेच्या आवारातच बांधली गेली. काच वितळवायची, ढवळायची, थंड करायची, तिच्यात रेघ किंवा बुडबुडा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. काम प्रतिष्ठेचे होते आणि त्यात अपमान कुणी करत नव्हते. पण ते त्यांचे नव्हते. १८२१मध्ये हाती आलेला विजेचा आणि चुंबकाचा धागा या वर्षांत मधूनमधून चाचपला गेला आणि पुन्हा बाजूला राहिला.

उघड अपमानाशी झगडणे तुलनेने सोपे असते, कारण शत्रू समोर असतो. मान देऊन घेतलेले दुसऱ्याचे काम ओळखायला फार वेळ लागतो. लेडी डेव्ही यांना उत्तर द्यायला तो प्रवास पुरला. काचेच्या भट्टीला उत्तर द्यायला वर्षे गेली. कष्टाळू माणसाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण तो दुसऱ्याचे कामही इतक्या निष्ठेने करतो की ते आपलेच आहे असा त्याचा स्वतःचाही समज होतो.

या भट्टीसाठी तोफखान्यातला एक निवृत्त सार्जंट, चार्ल्स अँडरसन, १८२७मध्ये मदतीला घेतला गेला आणि पुढे जन्मभर त्यांच्याबरोबर राहिला. ‘घरी जा’ असे सांगायला फॅरेडे एकदा विसरले आणि सकाळी येऊन पाहतात तो अँडरसन रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसलेला, अशी गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. कौतुक कुणाचे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. अँडरसन यांनी आपली पत्रे लिहिली असती तर या प्रकरणाला आणखी एक बाजू मिळाली असती.

डेव्ही मे १८२९मध्ये वारले. ४ जुलै १८३१ रोजी फॅरेडे यांनी रॉयल सोसायटीचे सचिव रॉजे यांना पत्र लिहून काचेचे काम बाजूला ठेवण्याची परवानगी मागितली. मागणीत तक्रार नव्हती. आपले स्वतःचे विचार इतर विषयांवर तडीस नेण्याचा आनंद घेता यावा, असे साधे कारण दिले होते. मला विचाराल तर या प्रकरणातला स्वाभिमानाचा सर्वांत मोठा क्षण हा आहे, आणि त्यात कुणी कुणाचा अपमान केलेला नाही. एका चाळिशीला टेकलेल्या माणसाने आपला दिवस परत मागितला आहे.

त्यानंतर आठ आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, त्यांनी मऊ लोखंडाचे एक कडे घेतले, बाहेरून सुमारे सहा इंच व्यासाचे. त्याच्या दोन बाजूंवर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली. विद्युतरोधक आवरणाच्या तयार तारा तेव्हा मिळत नसत, म्हणून वेढ्यांच्या मध्ये दोरा आणि थरांच्या मध्ये सुती कापड घालावे लागले. दोरा, कापड, थरावर थर, ताण कुठेही कमी-जास्त होऊ न देता: हात रीबो यांच्या दुकानात तयार झालेले होते. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली चुंबकसूची क्षणभर हलली आणि पूर्वपदावर आली. बॅटरी तोडताना पुन्हा हलली. प्रवाह चालू असताना मात्र स्थिर. त्यांना अपेक्षा होती ती सतत टिकणाऱ्या परिणामाची. मिळाली ती डोळ्याचे पाते लवेपर्यंतची थरथर. ती चूक म्हणून सोडून न देता त्यांनी लिहून ठेवली, आणि ऑक्टोबरपर्यंत वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून नुसत्या हालचालीने वीज निर्माण होते हे दाखवले. आजचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि जनित्र (जनरेटर) यांचे मूळ या दोन प्रयोगांत आहे.

रोजचा दिवस

आपल्या दिवसाचे आपण काय करायचे, हे एकदा ठरल्यावर बाकीचे निर्णय त्यांना फारसे जड गेले नसावेत. व्यावसायिक रासायनिक परीक्षणांतून त्यांना वर्षाला सुमारे हजार पौंड मिळू लागले होते, तर संस्थेचा पगार शंभर पौंड आणि राहण्याची सोय एवढा होता. ती जास्तीची मिळकत त्यांनी १८३१नंतर जवळजवळ सोडून दिली. १८३५मध्ये पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी वैज्ञानिकांना निवृत्तिवेतन देण्याच्या प्रथेची त्यांच्यासमोरच थट्टा केली, तेव्हा त्यांनी वेतन नाकारले आणि लेखी दिलगिरी आल्यावर वर्षाला तीनशे पौंड स्वीकारले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी घेतले नाही. हे प्रसंग चरित्रांत मोठ्या अक्षरांत असतात, पण त्यांवर मी फार रेंगाळत नाही. नकार देणाऱ्याकडे तोवर नकाराचे भांडवल जमलेले होते. बावीसाव्या वर्षी ते नव्हते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची प्रयोगांची रोजनिशी. १८३२पासून त्यांनी तिच्यातल्या परिच्छेदांना सलग अनुक्रमांक द्यायला सुरुवात केली आणि ते १६०४१पर्यंत गेले. फसलेला प्रयोग, अर्धवट शंका, उपकरणाची दुरुस्ती, सगळे एकाच क्रमात, एकाच अक्षरात. १८४०च्या सुमारास त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली आणि प्रकृती इतकी ढासळली की काम काही काळ थांबवावे लागले, तेव्हा या क्रमांकांनीच त्यांना आपल्या विचारांपर्यंत परत नेले. सर्जनशीलता म्हणजे अचानक सुचणे, अशी समजूत असणाऱ्याला ही रोजनिशी कंटाळवाणी वाटेल. जे सुचले ते या कंटाळ्याच्या काठावर सुचले आहे, आणि जे सुचले नाही त्याचीही नोंद शेजारीच आहे.

काचेच्या कामाला मी वर जरा कठोर शब्द वापरले, तेव्हा त्याचा पुढचा भागही सांगायला हवा. सप्टेंबर १८४५मध्ये फॅरेडे चुंबकत्वाचा प्रकाशावर काही परिणाम होतो का, हे शोधत होते. निरनिराळे पारदर्शक पदार्थ प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांपाशी ठेवून त्यांतून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंपन पावणारा प्रकाश, सोडून पाहिला, काही दिसेना. मग त्यांनी भट्टीच्या वर्षांतला, स्वतः तयार केलेल्या शिसेयुक्त जड काचेचा एक तुकडा काढला. दुर्बिणीच्या कामी तो कधी आला नव्हता. १३ सप्टेंबरला तो चुंबकापाशी ठेवल्यावर प्रकाशाचे ध्रुवणप्रतल, म्हणजे त्याच्या कंपनांचे प्रतल, फिरले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध प्रथमच डोळ्यांना दिसला होता. त्या दिवशीच्या रोजनिशीत ही वस्तुस्थिती पुढे फार फलदायी ठरेल असा अंदाज आहे, आणि त्या नोंदीलाही आधीच्या आणि नंतरच्या नोंदींसारखाच एक अनुक्रमांक आहे.